ठिणगीची वेळ आणि पेट्रोलची जात

जुन्या फटफटीला कोणते पेट्रोल घालावे, हा प्रश्न आज परभणी जिल्ह्यात पावसाच्या अंदाजाइतक्याच आस्थेने विचारला जातो. सेलूच्या मोंढ्यात, गंगाखेडच्या गॅरेजात, जिंतूरच्या चहाच्या टपरीवर त्याची दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, पंपावरचे महागातले पेट्रोल घाला, इंजिन गोड चालेल. दुसरा पक्ष मिस्त्री मंडळींचा. तो म्हणतो, पेट्रोलमध्ये आता अल्कोहोल आले, तेव्हा टायमिंग थोडे पुढे घ्या म्हणजे झाले. पहिल्या सल्ल्याने खिसा हलका होतो. दुसऱ्याने कधीकधी दट्ट्याला भोक पडते, आणि कधी किक मारणाराचा घोटा मोडतो. दोन्ही सल्ल्यांत सत्याचा अंश आहे, पण तो कोठे संपतो हे समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात काय घडते ते पाहावे लागते.

येथे जुनी फटफटी म्हणजे प्लॅटिन पॉइंटवर चालणारी गाडी असे आम्ही समजतो. मद्रासेत १९५५ पासून जुळणी होऊन पुढे पूर्णतः तेथेच घडू लागलेली एनफिल्ड बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून १९६० नंतर बाहेर पडलेली जावा आणि १९७३ पासूनची तिची वारसदार येझदी, आणि दूधवाल्यांची लाडकी राजदूत ही या वर्गातील ठळक नावे. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, राजदूतही गेली. परंतु गाड्या मात्र गेल्या नाहीत. पाना, पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या सामग्रीवर बांधाच्या कडेला उघडून बसवता येणारे यंत्र शेतकरी सहजासहजी भंगारात घालीत नाही. काही गाड्या हौसेने जपलेल्या आहेत, काही अजून कामाला जुंपलेल्या आहेत. आमचा रोख अधिक करून दुसऱ्या प्रकाराकडे आहे.

पेट्रोलचा इंजिनात स्फोट होतो, असे आपण शाळेपासून ऐकतो. ते खरे नाही. होते ते ज्वलन. पऱ्हाट्यांचा ढीग एका कडेने पेटविला तर आग दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जाते, तिला वेळ लागतो. सिलिंडरात दाबल्या गेलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात प्लगची ठिणगी पडली की ज्योतीची भिंत अशीच पलीकडे सरकते. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावा इतका अल्प असतो, परंतु दट्ट्याही काही वाट पाहत थांबलेला नसतो. सर्वांत अधिक दाब दट्ट्या शिखरबिंदू ओलांडून बारा-पंधरा अंश खाली उतरला असता मिळाला तर त्या दाबाचे काम उत्तम होते. तो दाब वेळेवर हवा असेल तर ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच पाडावी लागते. हे जे ‘पूर्वी’ आहे, त्यालाच मिस्त्री टायमिंग म्हणतात.

किती पूर्वी? येथे थोडे गणित केल्याशिवाय गत्यंतर नाही. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असता एका फेऱ्याला ६० सहस्रांश सेकंद लागतात, म्हणजे १० अंशांना सुमारे १.७ सहस्रांश सेकंद. तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर गेले की तेवढ्याच वेळात दांडा तीस अंश फिरून जातो. ज्वलनाला लागणारा वेळ साधारण तोच राहिला, तर मंद चालीत जी ठिणगी १० अंश आधी पुरत होती ती वेगात तीस-पस्तीस अंश आधी पडली पाहिजे. जुन्या विलायती गाड्यांच्या हँडलवर यासाठी एक छोटी कांडी असे. किक मारताना ती मागे, गाडी धावू लागली की पुढे, हे काम चालवणाराने कानाने करावयाचे. आपल्या बुलेटमध्ये ते काम दोन लहान वजने आणि दोन स्प्रिंगा करतात. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप पुढे सरकते. जावामध्ये मात्र ही सोय नाही. तिची ठिणगी सर्व वेगांना एकाच ठिकाणी, सुमारे वीस अंशांवर पडते. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आता पेट्रोलच्या जातीकडे वळू. ज्योत पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधी तिकडचे न जळलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने इतके तापते की कधी ते स्वतःहून एकदम पेटते. मग मात्र तो खरोखरीचा स्फोट असतो. चढावर वरचा गिअर ठेवून ॲक्सिलरेटर पिळला असता डब्यात खडे हलवावेत तसा जो आवाज येतो, तो या स्फोटांचा. त्याला नॉकिंग म्हणतात. असे आपोआप पेटणे टाळण्याची पेट्रोलची जी शक्ती, तिचे माप म्हणजे ऑक्टेन. १९२० च्या दशकात ही मोजपट्टी ठरली: आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० गुण, हेप्टेनला शून्य.

पुष्कळांचा समज असा की ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद. ही समजूत पंपावरच्या जाहिरातींनी पोसली आहे. वास्तविक ऑक्टेन म्हणजे सोशिकपणा. जे इंजिन मिश्रणाला दहापट, अकरापट दाबते त्याला सोशिक इंधन पाहिजे. जुन्या ३५० च्या बुलेटमध्ये मिश्रण साडेसहा पट दाबले जाते. ज्या काळी ती घडली त्या काळचे साधे पेट्रोल ८७-८८ ऑक्टेनचे, त्याआधी त्याहूनही कमी होते आणि त्यावर ती सुखाने चालली. आज पंपावर मिळणारे साधे पेट्रोल सुमारे ९५ ऑक्टेनचे आहे. त्याच्याही वर जाऊन १०० ऑक्टेनचे पेट्रोल या गाडीत ओतणे म्हणजे बैलाला पंचतारांकित हॉटेलात जेवू घालणे होय; बैल तक्रार करीत नाही, पण नांगरही अधिक ओढीत नाही.

ऑक्टेन वाढविण्याचा एक मार्ग अमेरिकेत टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधून काढला. पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले की नॉकिंग थांबे. सत्तर-ऐंशी वर्षे जगाने हे शिसे धुरातून श्वासात घेतले. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हे निर्विवाद ठरल्यावर देशोदेशी ते बंद झाले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले आणि जगातील शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये त्यातून सुटला. शिशाचा एक उपयोग मात्र खरा होता. निकासाच्या झडपेच्या बैठकीवर त्याचा पातळ थर बसून ती झिजत नसे. ओतीव लोखंडाच्या हेडची फार जुनी गाडी तासन्‌तास पूर्ण वेगाने पळविणाराने या झडपेतील अंतर अधूनमधून तपासावे. गावातून तालुक्याला आणि परत, एवढ्या धावेला त्याची चिंता नको.

शिसे गेले आणि त्याच्या पाठोपाठ इथेनॉल आले. त्याचा प्रारंभ परभणीच्या फार दूर झाला नाही. २००१ मध्ये देशात ज्या तीन ठिकाणी त्याचा प्रयोग झाला त्यांपैकी दोन, मिरज आणि मनमाड, महाराष्ट्रातली. आणि मनमाडहून निघणारा रेल्वेमार्ग सेलू-मानवतवरून परभणीलाच येतो. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांची पातळी गाठली, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल, ज्याला ई-२० म्हणतात, पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये ते सर्वत्र झाले. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने आणि गोदावरीच्या पाण्याने आमच्या जिल्ह्यात ऊस वाढविला. उसाच्या मळीपासून इथेनॉल होते. तेव्हा पाथरी-गंगाखेडकडचा शेतकरी आपल्याच रानातला रस फटफटीच्या टाकीत भरतो आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती नाही. धोरणाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. टाकीत जे आले आहे ते कसे वागते, एवढेच पाहू.

इथेनॉलच्या वजनात एक तृतीयांशाहून थोडा अधिक प्राणवायूच असतो. स्वतःबरोबर शिदोरी आणणाऱ्या पाहुण्यासारखे ते आहे; त्याला जळण्यासाठी बाहेरची हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, तर एक किलो इथेनॉलला ९ किलोच. ई-२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीत सायलेन्सरमधला संवेदक हे ओळखतो आणि संगणक इंधन वाढवितो. जुन्या कार्बोरेटरला डोळे नाहीत. त्याच्या जेटचे भोक ठरलेले, त्यातून पूर्वीइतकेच इंधन येणार. परिणामी मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. शिवाय इथेनॉलच्या लिटरमध्ये उष्णता कमी, म्हणून लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असे म्हटले आहे. हे दोन आकडे परस्परविरोधी नाहीत. ज्या गाडीचे मिश्रण मुळात घट्ट होते, तिला थोडे पातळ झालेले मानवते व तोटा कमी भासतो. ज्या गाडीचा मालक मायलेजच्या लोभाने जेट आधीच बारीक करून बसला आहे, तिला मात्र हा शेवटचा धक्का ठरतो.

पातळ मिश्रण सावकाश जळते. दट्ट्या खाली निघाला तरी आग चालूच, मग ती उष्णता निकासाच्या झडपेवर आणि नळीवर जाते. नळी निळसर पडते, गाडी ओढत नाही, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. येथे दुसऱ्या पक्षाचे मिस्त्री पुढे सरसावतात. जळायला उशीर होतो ना, मग ठिणगी लवकर पाडा. शिवाय ऑक्टेन वाढले आहे, नॉकिंगचे भय नाही. तर्क ऐकायला बरा वाटतो. पण रोग आहे इंधन कमी पडण्याचा आणि औषध दिले जाते ठिणगीला. ठिणगी पुढे घेतल्याने मिश्रण घट्ट होत नाही. फक्त दाब लवकर चढतो, दट्ट्याच्या माथ्यावर उष्णता अधिक काळ राहते. ज्या इंजिनात मूळची ठिणगी नॉकिंगच्या भयाने मागे ठेवलेली होती, तेथे ऑक्टेन वाढल्याचा लाभ टायमिंग पुढे घेऊन उचलता येतो. साडेसहा पट दाबाच्या इंजिनात तसे भय फारसे नव्हतेच. तेथे मंद चालीतली ठिणगी मागे ठेवली आहे ती किक उलटू नये म्हणून. पेट्रोल बदलले, माणसाचा घोटा बदललेला नाही.

म्हणून आमचे मत असे की इंधन बदलले असता टायमिंग मूळ पुस्तिकेतील मापावर आणून ठेवावे आणि दुरुस्ती कार्बोरेटरात करावी. बहुतेक कार्बोरेटरांत जेटवरचा आकडा त्यातून वाहणाऱ्या इंधनाचा निदर्शक असतो. १०० आकड्याचा मुख्य जेट असेल तर १०५ चा घालून पाहावा. सुईवरची क्लिप एक खाच खाली बसविली की सुई वर येते आणि मधल्या चालीत इंधन वाढते. संथ चालीचा हवेचा स्क्रू थोडा आत घ्यावा. या सर्वांना मिळून जो खर्च येतो तो महागड्या पेट्रोलच्या एका टाकीच्या फरकाइतकाही नसतो.

परभणीचा उन्हाळा या हिशोबात धरलाच पाहिजे. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, काही वर्षी त्याच्याही वर. आत येणारी हवाच तापलेली असली की नॉकिंग लवकर होते. मागे दोन माणसे किंवा दुधाचे कॅन बांधून जिंतूरच्या डोंगराळ रस्त्याने भर दुपारी चढणाऱ्या गाडीचे टायमिंग कोणी ‘जरा पुढे’ करून दिले असेल, तर त्याचा हिशेब त्या चढावर होतो. इथेनॉल येथे थोडी मदतही करते. हातावर स्पिरिट टाकले की गार लागते. तसेच हे कार्बोरेटरात उडताना मिश्रणातली उष्णता शोषून घेते. हाच गुण डिसेंबरच्या पहाटे दोष ठरतो. आमच्या कृषी विद्यापीठात थंडीत तापमान एक अंकी आकड्यावर उतरते. अशा वेळी इंधन नीट उडत नाही आणि चोक लावून चार किक अधिक माराव्या लागतात.

टायमिंग ‘मूळ मापावर’ आणावे असे आम्ही म्हटले, पण ते आणावयाचे कसे? पहिली गोष्ट पॉइंटमधील अंतराची. बुलेटमध्ये ते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. हे अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी पुढे जाते. कॅमवर घासणारी टाच झिजली की अंतर मिटत जाते आणि ठिणगी मागे पडते. कापूस आणि काळ्या मातीची धूळ उडणाऱ्या रस्त्यांवर, वंगण सुकलेल्या कॅमवर ही झीज फार झपाट्याने होते. पुष्कळ ठिकाणी इथेनॉलने गाडीची ओढ गेली म्हणतात, तेथे पॉइंट उघडून पाहावेत. अंतर निम्म्यावर आलेले असते. फिलर गेजने अंतर लावल्यावाचून टायमिंगला हात लावणे हे पाया सोडून भिंत बांधणे आहे. अंतर आधी, टायमिंग नंतर. उलट क्रमाने केले तर दुसरे काम पहिले बिघडविते.

भारतीय बुलेटमध्ये पॉइंट उघडावयाचे ते दट्ट्या शिखराच्या ०.८ मिलिमीटर खाली असता, तेही आपोआप पुढे सरकणारी वजने मिटलेल्या स्थितीत. दट्ट्याची झेप ९० मिलिमीटर. हिशोब केला तर ०.८ मिलिमीटर म्हणजे दहा अंशांच्या आसपास. शिखराजवळ दट्ट्या जवळजवळ थबकलेला असतो, म्हणून मापात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. प्लगच्या भोकातून सायकलीची तार घालून डोळ्यांनी मापणारांनी हे लक्षात ठेवावे. प्लगचे भोक तिरके असते तेथे तारेचे माप तर मुळातच खोटे. आणखी एक बारकावा: बुलेटचे पॉइंट अर्ध्या गतीने फिरतात, म्हणून त्यांची पाटी एक अंश सरकविली की दांड्यावर दोन अंशांचा फरक पडतो. केसभर सरकविली, असे म्हणणाराने आठ अंश सरकविलेली असू शकते. गाडी जुनी असेल तर दातेरी चक्रांतली ढील एकाच दिशेने काढून घेऊन मगच माप घ्यावे.

पॉइंट नेमके कधी उघडले हे कळण्यास मिस्त्री सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरतात आणि तो अलगद सुटला की ती वेळ समजतात. युक्ती जुनी आणि चांगली आहे. बुलेटवाल्यांजवळ त्याहूनही चांगले साधन हेडलाइटच्या कवचावरच बसविलेले असते. किल्ली चालू करून दिवे बंद ठेवावेत. पॉइंट मिटलेले असतील तर अँपिअर मीटरचा काटा उणे बाजूला झुकतो, उघडताक्षणी मध्यावर येतो. तो मध्यावर येण्याचा क्षण ०.८ मिलिमीटरवर जुळविला की काम झाले. बॅटरी मात्र भरलेली हवी.

जावा-येझदीला याहून अधिक जपावे लागते. ती दोन-स्ट्रोकी, तिचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले. जुन्या जावाला २५ लिटरला १ लिटर ऑइल हे प्रमाण. मिश्रण पातळ झाले की तिच्या दट्ट्याला इंधनाचा गारवा कमी आणि त्याबरोबर येणारे ऑइलही कमी. ठिणगी सदैव एकाच ठिकाणी, शिखराच्या सुमारे ३ मिलिमीटर आधी. ती अर्धा मिलिमीटर जरी पुढे घेतली तरी सर्व वेगांना पुढे जाते. पातळ मिश्रण आणि पुढे घेतलेली ठिणगी हा योग जुळला की लांब सपाट रस्त्यावर दट्ट्या सिलिंडरला चिकटतो आणि मागचे चाक एकदम जाम होते. पेरणीच्या तोंडावर गाडी महिनाभर उभी राहणे एक वेळ परवडेल. साठच्या वेगात चाक जाम होणे परवडत नाही.

पाण्याचा धोकाही जावालाच अधिक. इथेनॉल हवेतील ओल ओढते. थोडे पाणी ते आपल्यात सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली किंवा थंडी वाढली की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी वेगळा थर होऊन बसतात. ऑइल राहते वरच्या पेट्रोलच्या थरात. टाकीचा नळ असतो तळाशी. मग पहिली किक बसते ती ऑइल नसलेल्या द्रवावर. पावसाळ्यात चिखलामुळे गाडी दोन महिने गोठ्यात उभी आणि दसऱ्याला बाहेर, असा ज्यांचा क्रम आहे त्यांनी गाडी ठेवताना टाकी तरी काठोकाठ भरावी, म्हणजे ओलसर हवेला जागाच राहत नाही, नाही तर पूर्ण रिकामी करून कार्बोरेटरचा कटोराही काढून कोरडा करावा. बाहेर काढल्यावर आधी नळाखाली काचेची बाटली धरून पाहावी. दोन थर दिसले तर ते पेट्रोल गाडीत जाऊ देऊ नये.

टाकीच्या आतला जुना गंजही इथेनॉलमुळे सुटून जेटमध्ये येतो. नळातील बुचाच्या लाकडाचे वायसर, त्यावरचा लाखेचा लेप, जुनी रबरी नळी ही सगळी अल्कोहोलला न टिकणारी द्रव्ये आहेत. लाख तर अल्कोहोलमध्येच विरघळवतात, हे कोणताही सुतार सांगेल. जस्तमिश्र धातूच्या कार्बोरेटरात पांढरी भुकटी दिसली तर ती पाण्याची करणी समजावी. नळी इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची घ्यावी आणि पेट्रोलला एक काचेची गाळणी लावावी.

सर्व जुळवाजुळव झाल्यावर गाडी दोन-तीन मैल वरच्या गिअरात ओढीने चालवून, धावतानाच क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. जुन्या पुस्तिकांत प्लगचा रंग बिस्किटासारखा असावा असे लिहिलेले असते. ती पुस्तके शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. आजच्या पेट्रोलवर तोच प्लग एक छटा फिका दिसतो, त्यावरून घाबरून जेट फार मोठा करू नये. पांढराफटक आणि कडेने फोड आलेला प्लग दिसला तरच मिश्रण पातळ समजावे. काळा आणि कोरड्या काजळीचा असेल तर घट्ट. प्लग परत बसविताना पहिले चार फेरे हातानेच द्यावेत, कारण ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की ते परभणीत नीट पाडून देणारा लेथवाला शोधण्यात आठवडा जातो.